पाटीच्या पाठीवरचा नंबर

मी, सिकंदर बाबालाल शिकलगार, वय ६८, धंदा ऑइल इंजिन दुरुस्ती व पिठाची गिरणी, राहणार कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. गुडघे गेले आहेत, डोकं ठिकाणावर आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक वारसांना शरियतप्रमाणे मिळावी. पत्नी हुसेनबी हयात असेतो तिला घरातून कोणी हलवू नये.

२. सर्व पाने, हातोडे पुतण्या गैबीला. कॉस्टिक सोडा त्याने ॲल्युमिनियमजवळ कधी नेऊ नये. कारण खाली आहे.

३. गिरणीचं इंजिन माझ्या मालमत्तेत धरू नये. ते गडमुडशिंगीच्या धोंडुबाईंचं आहे. मी ते देत नाही, माझ्या मृत्यूनंतर परत करतो.

१९६८ साली त्यांचं आणि माझं, अशी एकाच कंपनीची दोन इंजिनं माझ्याकडे खोललेली होती. खंडेनवमीला यंत्रं धुऊन पुजायची आमची रीत. लोखंडाला चालतो म्हणून मी इंजिनांवरच्या नंबरच्या पाट्याही कॉस्टिक सोड्यानेच घासल्या. पितळी पाट्यांची सवय, या ॲल्युमिनियमच्या निघाल्या. नंबर उडाले. मी अंदाजाने एक इंजिन त्यांना दिलं.

आठवड्यात त्या परत आल्या. "मिस्त्री, हे माजं इंजान न्हवं. माजं तिसऱ्या हँडलला बोलतंय."

मी चारचौघांत म्हणालो, "आक्का, इंजान म्हंजे काय म्हस हाय व्हय, आवाजावरनं वळखायला?" सगळे हसले. त्या पुन्हा माझ्या दारात आल्या नाहीत. गिरणीचं इंजिन मात्र रोज तिसऱ्या हँडलला सुरू व्हायचं आणि ते मी माझं कसब समजत होतो.

गेल्या महिन्यात खंडेनवमीला गिरणीच्या इंजिनाची ती पाटी हातात गळून आली. पुढून नुसती पांढरी भुकटी. मागच्या बाजूला मात्र इंजिनाचा हिरवा रंग चिकटून राहिलेला, आणि त्याखाली उठलेले उलटे आकडे. आरशात धरले: ५१७३. दुरुस्तीच्या जुन्या वहीत धोंडुबाईंच्या नावापुढे तोच नंबर. कुणा कामगाराने कधीकाळी मारलेला घाव पत्र्याने पाठीवर जपला होता, आणि त्या बाईने आवाज कानात. पन्नास वर्षं यंत्रांत काढून मला दोन्ही कळलं नाही. अल्लाची कुदरत, दुसरं काय म्हणू!

४. कलम ३ मधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द रद्द. साक्षीला बोलावलेला जोतीराम मसुदा वाचून ओरडला, "मेल्यावर माफी मागणार व्हय? ती तुज्या आदी गेली म्हंजे?" म्हणून आजच इंजिन टेम्पोत घालून गडमुडशिंगीला नेलं. चार माणसं जमवली आणि त्यांच्यासमोर म्हणालो, "आक्का, तुमचं खरं हुतं. मी चुकलो."

मी हँडल मारलं. तिसऱ्याला इंजिन बोललं. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि त्यालाच म्हणाल्या, "आलंस व्हय घरला?"

५. त्यांच्याकडचं माझं इंजिन आता गिरणीला जोडलं आहे. दहा-दहा हँडल मारावी लागतात. तेरा वर्षं त्यांनी मारली. वारसांनी कुरकुर करू नये.

वाचून, समजून सही केली.

सही: सिकंदर बाबालाल शिकलगार

साक्षीदार:
१. जोतीराम गुंडू चौगुले
२. सयाजी बाळासो नलवडे

कोल्हापूर, दि. १२ नोव्हेंबर १९८१