काउंटरवरची जागा

अब्बा,

काल बुलढाण्याला गेले होते. बसस्टँडकडून येताना त्या मोठ्या कपड्यांच्या शोरूमसमोर पाय थांबले. काचेत एक पुतळी उभी केली होती. अंगात गुलाबी कुर्ता, आणि डोक्याला त्याच रंगाचा स्कार्फ, हनुवटीखाली पिन लावून नीट गुंडाळलेला. पायाशी ईदच्या खास ऑफरची पाटी. मी बघतच राहिले. आतल्या मुलीला वाटलं गिऱ्हाईक आहे, तिनं दार उघडून ‘या ना ताई’ म्हटलं. मी मान हलवली आणि निघाले. घरी आल्यावर हे कुणाला सांगावं ते कळेना. मुलं म्हणतील, बरंच झालं की मग. तुम्ही असतात तर दुसरं काहीतरी म्हणाला असतात.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे, तेही मराठीत. घरात आपली बोली वेगळी होती, पण मला मराठी शाळेत घातलंत ते तुम्हीच. अम्मीनं विचारलं तेव्हा म्हणालात, आपलं गिऱ्हाईक ज्या बोलीत भाव करते ती पोरीले आली पाह्यजे. तुमची मराठी बाजारातली, माझी पुस्तकातली. मी शाळेतून येऊन काही बोलले की तुम्ही हसायचात, ‘आली पुण्याची पाव्हणी!’

आठवडी बाजारात तुम्ही आपल्या कापडाच्या दुकानाचं पाल ठोकता, मी साड्यांचे गठ्ठे सोडते, हे अजून डोळ्यांसमोर आहे. लग्नाचा बस्ता घ्यायला अख्खं कुटुंब यायचं. नवरीची आई, आत्या, मामी, सगळ्या सतरंजीवर मांडी घालून बसायच्या आणि तुम्ही एकेक साडी उलगडायचात. हळदीची पिवळी, वरमाईची, करवलीची. कुणाला काय लागतं ते त्यांच्याआधी तुम्ही सांगायचात. मी एकदा साडी हवेत झटकून दाखवली तर तुम्ही सगळ्यांसमोर रागावलात. कापड नाचवायचं नाही, गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचं, मग तेच बोलते. दाढी आणि टोपीवाल्या माणसाकडून पोरीची हळदीची साडी घेताना त्या बायांचा हात कधी अडखळलेला मी पाहिला नाही. ‘चाचा, तुमच्या हातची पहिली साडी द्या,’ असंच म्हणायच्या.

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा सुरुवातीला बाजार फुलला होता. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढायची आणि कापूस विकून माणसं खामगावहून थेट आपल्या पालावर यायची. मग कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंडात अळी निघायची, आणि फवारणीच्या औषधाला जाऊन उरलेले पैसे लोक कापडाला आणायचे. बस्ता दोन साड्यांवर आला. बाया साडी हातात घ्यायच्या, काठावरून बोट फिरवायच्या आणि ‘पुढच्या बाजाराले पाह्यतो’ म्हणून हलकेच खाली ठेवायच्या. तुम्ही कुणाला आग्रह केला नाही. संध्याकाळी तेच गठ्ठे आपण पुन्हा बांधायचो.

त्याच दिवसांत बुलढाण्याचं ते शोरूम उघडलं. मी बारावी झाले होते. साडीच्या विभागात मुली पाहिजेत अशी पाटी लागली आणि मी तुम्हाला सांगून गेले. मॅनेजर तरुण होता, बाहेरगावचा, बोलायला सभ्य. त्यानं साड्यांचा एक ढीग समोर ठेवला आणि म्हणाला, ‘मी गिऱ्हाईक आहे असं समज.’ मी तुमच्यासारखं केलं, साडी त्याच्या हातात दिली. तो खूश झाला. ‘सोमवारपासून ये,’ म्हणाला. मग माझ्या डोक्याकडे बोट न करता, नुसतं बघून म्हणाला, ‘फक्त हा स्कार्फ ड्युटीवर चालणार नाही. कंपनीचा एक लूक असतो. काउंटरवरची मुलगी म्हणजे आमचा ब्रँड.’ मी म्हटलं, तुमच्या साडीच्या रंगाचाच बांधीन. तो अवघडला. ‘रंगाचं नाही गं. गिऱ्हाईकाला सगळं आपल्यातलं वाटलं पाहिजे.’ आणि लगेच, जणू माझी सोय करतोय अशा आवाजात, ‘मागे गोडाउनमध्ये टॅग लावायचं काम आहे. तिथं बांधलास तरी चालेल.’

घरी आले तेव्हा अम्मी चुलीपुढे भाकरी थापत होती. ऐकून म्हणाली, जाऊ दे, नशिबात नव्हतं. तुम्ही जेवलात आणि झोपलात. दुसऱ्या दिवशी सकाळी जुम्म्याचा पांढरा कुर्ता घालून दारात उभे राहिलात. ‘चाल.’ रस्ताभर मला भीती, तुम्ही भांडाल की हात जोडाल. दोन्ही मला नको होतं.

त्यानं तुम्हाला खुर्ची दिली, पाणी मागवलं. तुम्ही पाणी प्यालात आणि शांतपणे विचारलंत, ‘साहेब, माह्या पोरीच्या कामात काही खोट निंगाली काय?’

‘नाही नाही, चाचा. हुशार आहे पोरगी.’

‘मंग तिले आत काऊन ठेवता? ते काय चोरीचा माल हाय?’

त्याचा चेहरा उतरला. ‘चाचा, माझ्या हातात नाही. वरून येतं सगळं. इथल्या गिऱ्हाईकाला काय आवडतं, त्याचा कंपनीनं विचार केलेला असतो.’

‘इथलं गिऱ्हाईक,’ तुम्ही म्हणालात, आणि पुढे काही बोलणार तोच मागून हाक आली. ‘अवो चाचा! तुमी इथं कसे? पाल बंद केलं का काय?’ आपल्या बाजारातली बाई होती, थोरल्या पोरीचा बस्ता आपल्याकडून नेलेली. आता धाकटीसाठी आली होती. तुम्ही उठून उभे राहिलात. ‘नाही वो माय, चालू हाय. पोरीसंगं आलो.’ तिनं मला जवळ ओढलं आणि काउंटरवरच्या दोन साड्या दाखवून विचारलं, ‘तू सांग वो बाई, यातली कोनती घेऊ?’ मी सांगितली. तिनं तीच घेतली. मॅनेजर हे सगळं बघत होता. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. तो बिलाच्या खिडकीकडे निघून गेला.

गोडाउनला मी नाही म्हटलं. तो निर्णय तुम्ही माझ्यावर सोडला होतात. त्या आठवड्यापासून मी तुमच्याबरोबर पालावर दर बाजाराला विकायला बसू लागले, तर आपल्याच मोहल्ल्यातले दोघं-तिघं घरी आले, जवान पोरगी बाजारात बसवता म्हणून. त्यांनाही तुम्ही चहा पाजलात आणि म्हणालात, ‘माही पोरगी हाय, माहं दुकान हाय.’ तिकडे मी चालत नव्हते आणि इकडेही चालत नव्हते. तुमच्या त्या सहा फुटांच्या सतरंजीवर तेवढी चालत होते. बाया माझ्याशी मोकळं बोलायच्या, ब्लाउजपीस मागायच्या, परकर शिवून मागायच्या. तुम्ही गेलात तेव्हा त्यातल्या कितीतरी जणी आपल्या देऊळघाटच्या घरी येऊन अम्मीजवळ बसल्या होत्या. आता पाल नाही, गावात माझं पक्कं दुकान आहे. बरं चाललं आहे.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या दिवशी परतताना एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत विचारलंत, ‘वाईट वाटलं का, बेटा?’ मी म्हटलं, ‘नाही अब्बा, मला ती जागा पसंतच नव्हती. किती थंड होतं आत.’ तुम्ही हसलात. खांदे सैल झाले तुमचे.

अब्बा, मला ती जागा फार आवडली होती. तो गारवा, ते उंच आरसे, साड्यांवर वरून पडणारा उजेड, मुलींच्या छातीवर नावाचे बिल्ले. ‘सोमवारपासून ये’ आणि ‘फक्त’ यांच्यामध्ये तो क्षणभर थांबला होता, तेवढ्यात मी मनानं त्या काउंटरमागे उभीसुद्धा राहिले होते. पुढं कितीतरी दिवस पालावर बसून मी तिथंच उभी असायची.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही, आणि तुम्ही असतात तरी मी ते तुमच्या हातात दिलं नसतं. त्या दिवशी एसटीत तुम्हाला बरं वाटलं होतं. ते मला मोडायचं नव्हतं.