होडीच्या गाड्यावरची पेटी

१९ नोव्हेंबर १९३६, गुरुवार. बऱ्हाणपूर

होडी द्यायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

मामंजी जेवताना म्हणाले, "ते धूड अंगणातून हललं पाहिजे." सासूबाईंनी वाढता वाढता हात थांबवला. इंदूरचे कुणी सरदार आहेत, त्यांना तलावावर शिडाची होडी हवी आहे. मामंजींनी फुकट देऊ केली. पैसे नकोत म्हणाले, फक्त घेऊन जा! त्यांची मोटार येईल आणि गाड्यासकट होडी ओढत नेईल. त्यांचा निरोप एवढाच, की असीरगढचा घाट फार खराब आहे, सुटं सामान वाटेत पडेल, तेव्हा गाड्यावर एक भक्कम पेटी बसवून द्या. शीड, दोर, कप्प्या, सुकाणू, सगळं कुलपात.

पेटीत काय काय जायचं आणि कसं, हे घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? ह्यांना होतं. हे भाद्रपदात गेले.

२० नोव्हेंबर

सकाळी होडीच्या बाजूवरून हात फिरवला. धूळ! इतकी धूळ ह्यांनी कधी साचू दिली नव्हती. पदरानंच पुसली.

२२ नोव्हेंबर, रविवार

उखर्डू मिस्तरी आला. होडी आणि गाडा, दोन्ही ह्यांनी त्याच्याच बरोबर बसून केली. मोटारीची दोन जुनी चाकं, वर सागवानी चौकट, पुढे लांब दांडी. बैल जुंपा नाहीतर मोटार. दर रविवारी असंच तापीवर, राजघाटावर नेत असत. अर्धा गाव बघायला जमायचा. हे मुंबईला शिकत असताना होड्या बघून आले आणि ते वेड काही गेलं नाही.

उखर्डू येऊन आधी गाड्यापाशी उभाच राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "वहिनी, भाऊ गेल्यापासून मी या गल्लीतून गेलोच नाही. दूरच्या रस्त्यानं जातो."

मी म्हटलं, "पेटी करायची आहे."

"मालूम आहे. पण हात चालत नाही ना."

मग चालला. त्याचं म्हणणं, पेटी मागे ठेवू, पुढे जागा कुठे आहे? एक जुनं खोकं मागे ठेवून त्यात विटा भरून पाहिल्या, तर दांडी एकदम वर उडाली! उखर्डूच्या हनुवटीला लागता लागता राहिली. मग खोकं दांडीवर अगदी पुढे ठेवलं, तर दोघांना दांडी उचलेना. बैलांच्या मानेची काय गत झाली असती! शेवटी मी म्हटलं, चाकांच्या किंचित पुढे, होडीच्या नाकाखाली ठेवून पाहू. तिथे ठेवलं. दांडी मला एकटीला उचलता आली.

उखर्डू हसला. "बराबर. भाऊ पण असंच म्हणाले असते." आणि तो खोक्यातल्या विटा काढायला लागला.

मामंजी ओसरीवर पाठ करून बसले होते. महिन्याभरापासून तसेच बसतात. अंगणाकडे तोंड करतच नाहीत.

२५ नोव्हेंबर

फळ्या रंधून झाल्या. अंगणभर भुसा. सागाचा वास आला आणि मला आत जावं लागलं. ह्यांच्या सदऱ्यांना हाच वास असायचा. धुतले तरी जायचा नाही.

झाकण उतरतं करायचं, म्हणजे पाणी वाहून जाईल. आतून रॉकेलच्या डब्यांचा पत्रा. आणि झाकणाखाली दोन्ही बाजूंना भोकं, त्यावर जाळी. भोकं कशाला, असं उखर्डूनं विचारलं. मी सांगितलं की शीड कोंडलं की त्याला बुरशी येते, त्याला हवा लागते. आणि जाळी उंदरांसाठी.

मागून आवाज आला. "हे तुला कुणी सांगितलं?"

मामंजी! ओसरीवरून उतरून भुशात उभे होते.

"ह्यांनी," मी म्हटलं.

ते परत ओसरीवर गेले.

होडीवरूनच बापलेकांचं बिनसलं. चांगली गिरणीतली नोकरी, आणि रविवारी हा पाण्यात खेळतो, लोक हसतात! दोन महिने एका घरात राहून बोलले नाहीत. मग विषमज्वर आला. मामंजी पायाशी बसून असायचे. पण तोवर ह्यांना माणसं ओळखू येत नव्हती.

२६ नोव्हेंबर

लोखंडी बिजागऱ्या गंजतील, पितळी हव्यात, असं मी काल उखर्डूशी बोलले होते. आज दुपारी मामंजींनी मूठ उघडून त्याच्यापुढे धरली. पितळेच्या बिजागऱ्या! आत जाऊन पाहिलं तर त्यांच्या कचेरीच्या दिवसांतली दप्तराची पेटी, जिला सासूबाईसुद्धा हात लावत नाहीत, तिचं झाकण बाजूला काढून भिंतीला टेकवलेलं.

२७ नोव्हेंबर

दिगंबर.

लिहून पाहिलं. उखाण्याशिवाय हे नाव मी कधी घेतलं नव्हतं. आता घेतलं काय, न घेतलं काय!

३० नोव्हेंबर, सोमवार

इच्छापूरहून दादाचा निरोप आला. लीलाधरदादा पुढल्या आठवड्यात मला न्यायला येतोय. "कायमची," असं निरोप आणणाऱ्यानं सासूबाईंना सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू आलं. मामंजींनीच कळवलं होतं म्हणे, की पोरीचं वय काय, इथे बसून ती काय करील.

आधी होडी, मग मी. अंगण मोकळं, घर मोकळं.

राग आला म्हणून लिहिते आहे. पण मामंजी वाईट नाहीत. त्यांना माझ्याकडे बघवत नाही, एवढंच. मलाही आरशात बघवत नाही. कपाळ इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं.

सासूबाई संध्याकाळी म्हणाल्या, "तुझं शीड तरी ठेव गं. त्यांना दुसरं कापड लावू दे."

मी नको म्हटलं. शिडाशिवाय होडी म्हणजे काय! ते शीड मी शिवलं. इथल्याच मागावरचं जाड कापड. हे जमिनीवर पालथे पडून खडूनं आखायचे आणि मी मागून कापत जायचे. दुहेरी शिवण घालताना बोटांना भोकं पडायची. एकदा हे म्हणाले होते, "वारा कापडाला ओढत नाही निर्मला, तुझ्या टाक्यांना ओढतो. ते सुटले तर मी बुडालो!" टाके सुटले नाहीत. एकही नाही.

३ डिसेंबर, गुरुवार

पेटी झाली. चांगली झाली. उखर्डूनं तेल लावलं तेव्हा लाकूड मधासारखं दिसायला लागलं.

शीड आत ठेवण्याआधी एकदा पुरतं वाळवायला हवं होतं. म्हणून दुपारी उखर्डूनं डोलकाठी उभी केली. अंगणातच, होडी गाड्यावर असताना. मी दोर मोकळा करत होते. मामंजी आले. होडीच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे वर कसं चढतं? दाखव मला."

मी दोर ओढला. शीड वर गेलं.

वारा उत्तरेचा होता, मला लक्षातच आलं नाही! आणि उखर्डूनं पेटी बसवताना चाकांखालचे दगड काढलेले. शीड एकदम फुगलं, फट् असा आवाज झाला, आणि गाडा निघाला! खरंच निघाला! मामंजी काठ धरून बरोबर धावताहेत, धोतर सुटतंय, टोपी पडली. "चालली! अगं, चालली बघ!" उखर्डू ओरडतोय, "बाबा, सोडा, छोडो!" सासूबाई दारात येऊन तोंडावर हात धरून उभ्या. मी दोर सोडून दिला तेव्हा गाडा शेवग्याच्या झाडाला जाऊन टेकला. वरून पानं पडली सगळ्यांवर.

मामंजी हसत होते. मी त्यांना इतकं हसताना लग्नापासून पाहिलं नव्हतं. हसता हसता धुण्याच्या दगडावर बसले, आणि मग हसणं कुठे संपलं ते कळलंच नाही.

"मला म्हणाला होता," ते म्हणाले. "बाबा, एकदा बसा. एकदाच बसा. मी म्हटलं, मला जिवाची चाड आहे."

सासूबाई त्यांच्याशेजारी खाली मातीत बसल्या. उखर्डू झाडाकडे तोंड करून उभा राहिला.

मग मी शीड उतरवलं. घडी नाही घालायची, घडीवर कापड फाटतं, गुंडाळायचं. मामंजींनी दुसरं टोक धरलं. मी जशी गुंडाळत गेले तसे ते धरून पुढे पुढे येत गेले. पेटीत ठेवलं. त्यावर दोर, बाजूला कप्प्या; सुकाणू तळाशी आधीच होतं. सगळं बरोबर बसलं. झाकण लावताना मला ते लाववेना. त्यांनी लावलं.

५ डिसेंबर, शनिवार

गेली.

सकाळी मोटार आली. ड्रायव्हरनं दांडी अडकवली, पेटी हलवून बघितली, "पक्की है," म्हणाला. मामंजी कोट घालून बाहेर आले, हातात पिशवी. मला वाटलं देवळात जाताहेत. ते सरळ गाड्यावर पाय देऊन होडीत चढले!

"बाबूजी, आगे बैठो, इधर मेरे पास," ड्रायव्हर म्हणाला.

"नहीं. मैं इसी में जाऊँगा."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, इंदूरपर्यंत? घाटातून? या वयात?"

"पोचवून येतो," ते म्हणाले. आणि पाटावर बसले. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. गल्ली वळेपर्यंत त्यांची टोपी दिसत होती, डुलत, जशी पाण्यावर डुलावी तशी.

मी दारात उभी होते. शेजारणी बघत होत्या. रडले नाही. आत येऊन पाण्याचा हंडा उचलला आणि तो हातातून पडला.

६ डिसेंबर

अंगणात चाकांच्या दोन रेघा राहिल्या आहेत. सासूबाई झाडायला निघाल्या, मी बघत होते. त्यांनी रेघांच्या अलीकडे झाडलं, पलीकडे झाडलं. रेघा तशाच ठेवल्या.

सगळं अंगण दिसतं आता. काय करायचं इतक्या अंगणाचं!

७ डिसेंबर

मामंजींचा पत्ता नाही. पेटी मोकळी झाली असेल. कुणीतरी माझं शीड हातात घेऊन, हे उलटं का सुलटं म्हणत असेल. त्यांना कोण सांगणार, की वरच्या टोकाला मी आतून छोटी फुली घातली आहे म्हणून!

दुपारभर हेच. ह्यांच्या मरणाचं रडू होडीत अडकून राहिलं होतं की काय कोण जाणे. होडी गेली आणि आज ते आलं. सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि मला रडू दिलं.

८ डिसेंबर, मंगळवार

दादा आला. मुक्कामाला आहे, उद्या निघायचं. ट्रंक भरली. त्यात माझं असं फार थोडं निघालं. ह्यांचा एक सदरा घेऊ का, असं सासूबाईंना विचारलं. त्यांनी एक आधीच काढून घडी करून ठेवला होता.

त्यांनी माझे केस विंचरले. लहान पोरीचे विंचरावेत तसे. "इच्छादेवीच्या पायऱ्या चढलीस की माझ्या नावानं हात जोड," म्हणाल्या.

मामंजींना न भेटता जायचं. तेही बरंच. काय बोलणार!

९ डिसेंबर

टांगा दारात, ट्रंक वर चढलेली, आणि मामंजी आले. उन्हानं काळे, कोटावर घाटाची धूळ. चहा नको, पाणी नको. म्हणाले, "तलावावर गेली. मी बसलो. शीड भरलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत."

मग दादाकडे वळले. "लीलाधर, मी कळवलं ते चुकलं. तू आता एकटाच जा. तिला जायचं असलं तर ती सांगेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ट्रंक खाली घ्या, असं मी म्हटलं म्हणे. सासूबाई सांगतात.

येताना असीरगढला उतरून मामंजी वखारीत सागवानाच्या लांब फळ्या सांगून आले आहेत. मी विचारलं, "कशाला?"

"ती त्याची होती. ही तू कर. मी टोक धरीन."