पाणी नको पिऊ, कुठं बसशील

माय, तुले माझं नाव काही आठवणार नाही. जिवंत होतीस तेव्हाही मला हाक मारताना आधी दोन्ही भावांची नावं घ्यायचीस, मग शेळीचं, अन् मग माझं. आता तर तुला जाऊन जमाना झाला. म्हणून सांगते, मी तुझी धाकटी, आता दात पडून बोळकी झालेली. अक्षर मला अजून येत नाही. मी बोलते अन् नात लिहून राह्यली. ती कॉलेजात शरीराचं शास्त्र शिकते. मधेच म्हणते, "आजी, शेळी कायले लिहायची?" म्हटलं, लिही, बुढीले ओळख पटंल.

फुलसावंगीच्या वावरात तण निंदायला तू मला पहिल्यांदा नेलंस, तो दिवस तरी आठव. पावसानं दडी मारलेली, ऊन चटचट लागतंय, कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढीच. मी मडक्याकडे हात नेते अन् तू तिथूनच म्हणतेस, "पाणी नको पिऊ. कुठं बसशील? चहूकडं माणसं हायेत, आडोसा नाही." मी हात मागे घेते. शाळा नाही पाहिली मी, पण तुझा हा धडा पक्का केला, सुनांनाही शिकवला.

या उन्हाळ्यात लोहाऱ्याहून पुसदला लग्नाला निघालो. आदल्या दिवशी मला जुलाब झालेले, तरी एस.टी.त घोटभर पाणी घेतलं नाही. गुडघे ठणकत होते म्हणून दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या तेवढ्या गिळल्या, एकीच्या जागी दोन-दोन. मांडवात लघवी बंदच झाली. म्हटलं बरं झालं, कटकट गेली. मग पाय सुजले, ओकाऱ्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरनं पोरासमोर विचारलं, "आजी, लघवी कधी झालती?" मी भिंतीकडं पाहिलं. तो म्हणाला, दोन्ही किडन्या एकदम बंद पडल्या.

सलाईन लागलं, वाचले. घरी आल्यावर नातीनं समजावलं. अंगातलं पाणी आटलं की किडनीकडं जाणारी बारीक रक्तनळी आवळायला लागते. तिला उघडी ठेवणारं एक रसायन अंगातच तयार होते. दुखण्याची गोळी नेमकं तेच बंद पाडते. मग आतल्या नळ्यांच्या पेशींना हवा पुरत नाही, त्यांच्यातली ताकद बनवणारी यंत्रं थांबतात, पेशी सुटून पडतात अन् नळ्या तुंबतात, जशा आपल्या ठिबकच्या तुंबतात. मी थक्क होऊन ऐकत होते. एवढं सगळं माझ्या पोटात चाललं होतं अन् मी मांडवात जिलेबीची वाट पाहत बसले होते. "मग मी वाचली कशी?" मी विचारलं. ती म्हणाली, ज्या पेशी जगल्या त्या आपलं काम सोडून पुन्हा लहान झाल्यासारख्या होतात, रिकाम्या जागेत पसरतात, एकीच्या दोन होतात, अन् मग काम नव्यानं शिकतात. "वेळेवर पाणी भेटलं तं, आजी."

तेव्हा मला तुझे पाय दिसले, माय. बोट दाबलं की खड्डा राहायचा. तुलाही हगवण लागली होती, तशीच निंदायला गेलीस, मग लघवी बंद. भगतानं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं अन् आम्ही आजवर तेच मानलं. "माह्या मायलेबी हेच झालं असंल का वं?" नात म्हणाली, "पक्कं नाही सांगता येत, आजी. पण तसंच वाटते." ज्या धड्यानं तू माझी लाज राखलीस त्यानंच तू गेलीस, अन् मी तुझ्या मागोमाग निघालेच होते. तू तहानलेली गेलीस, अन् आम्ही भूत शोधत बसलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही. राहील नातीच्या पुस्तकात. एक सांगते, हसू नको. अजूनही लोटा तोंडाला लावला की आधी चहूकडं पाहते, तू "कुठं बसशील?" म्हणून विचारशील असं वाटते. आता सुनांना अन् नातीला मीच "पाणी प्या" म्हणत हिंडते, अन् त्या मला हसतात.

तिकडून काही पाठवायचं झालंच तर तुरीच्या उकडलेल्या शेंगा पाठव. मीठ घालू नको, डॉक्टरनं बंद केलंय. अन् शेंगा उकडायच्या आधी तू पोटभर पाणी पिऊन घे.