दादाचं अकाउंट

पणदरे,
बुधवार, ७ ऑक्टोबर १९९८

वहिनी,

नमस्कार. वर नुसतं वहिनी लिहिलंय, राग मानू नका. दसऱ्याला तुम्हाला कार्ड पाठवायचं होतं, तेव्हा आईला विचारलं की नावाआधी काय लिहू. ती म्हणाली, आता सौ. लिहीत नसतात, श्रीमती लिही. ते माझ्याच्यानं लिहवेना, म्हणून कार्डच राहिलं.

पत्र तुमच्या बी.एड. कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतोय, नरसिंहपूरला घरी नाही. का, ते पुढं येईलच. मराठीच्या चुका काढू नका. सराव पाठ सुरू झाले असतील तर लाल पेन हातातच असणार तुमच्या. "इंग्रजी मिडीयमवाल्यांनो, वेलांटीला पण फी लागते का?" असं तुम्ही म्हणायच्या, ते अजून आठवतं.

इकडं सगळे ठीक. आबांचा गुडघा तसाच. काळी म्हैस व्याली, रेडी झाली. आई सकाळपासून तिच्यातच असते, ते एक बरं झालं.

मेन बातमी म्हणजे सोमवारी माझी परीक्षा झाली. दादाच्या जागेची. मी पास झालो.

आबा अजून लोकांना सांगतात, थोरला कॉम्प्युटरवरचं पोस्ट ऑफिस सांभाळायचा. तसं ते बरोबरच आहे. कंपनीचं पुण्याचं ऑफिस, कोल्हापूरचं गोडाऊन, बारामतीची फॅक्टरी, सगळ्यांची मेल त्या एका मेल सर्व्हरमधून जाते. दादा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. चालू होता, म्हणून चालू ठेवला होता. फॅक्टरीचे साहेब म्हणाले, घरातल्या माणसाला घेऊ, पण परीक्षा घेऊनच घेऊ. मला ते आवडलं. दादाच्या फोटोकडं बघून दिलेली नोकरी मला नको होती.

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. पिकलेले केस, पायात स्पोर्ट शूज, हसणं नाही. आम्ही तिघं होतो. सकाळी लेखी पेपर. वहिनी, काय भारी प्रश्न होते. हार्डडिस्क भरत आली तर कुठल्या फाइल काढाल? बाकीच्या दोघांनी दणादण नावं लिहिली. बरोबर उत्तर म्हणजे हातानं एकही काढायची नाही. आधी पूर्ण बॅकअप घ्यायचा, मग जुने लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइल, सर्व्हर स्वतःच काढून टाकतो. फोनची लाइन गेली तर मेल कुठं थांबते, किती वेळ थांबते, पाठवणाऱ्याला कधी कळतं की पोचली नाही, सगळं मला येत होतं. दादानंच शिकवलेलं. रविवारी मला फॅक्टरीत न्यायचा, आणि तुम्ही चिडायच्या की भाऊ-भाऊ त्या थंडगार खोलीत बसता आणि जेवण इकडं गार होतं.

दुपारी प्रॅक्टिकल, खऱ्या सर्व्हरवर, एकेकाला आत बोलवून. माझा नंबर शेवटचा. मॅडमनी एक नाव दाखवलं आणि म्हणाल्या, "हा माणूस कंपनीत राहिला नाही. याचं अकाउंट डिलीट कर."

नाव दादाचं होतं. मी त्याचा कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. साहेबांनी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

माझा हात थांबला. रडू आलं म्हणून नाही, खरंच. मला शंका आली. दादानं हा सर्व्हर पहिल्यांदा बसवला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मी सर्व्हिसेसची खिडकी उघडून बघितलं. सर्व्हरचं एकेक काम कुणाच्या तरी नावानं चालतं, तसं ते सगळं दादाच्या नावानं चालत होतं. तो गेल्यापासून रोज सकाळी सगळ्या ऑफिसांची मेल त्याच्याच नावावर ये-जा करत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

मी म्हणालो, "मॅडम, हे आत्ता डिलीट केलं तर मशीन पुढच्या वेळी बंद करून चालू केल्यावर मेल उठणार नाही."

"मग त्याच नावाचं नवीन अकाउंट बनव की."

"चालत नाही. बाहेरून नाव तेच दिसतं, आतला नंबर वेगळा असतो. सर्व्हर त्याला ओळखत नाही."

त्या पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या आधीचे दोघं डिलीट करायला निघाले होते, मी हात धरला त्यांचा. बरं, मग कुणाच्या नावानं चालवशील?"

मी म्हणालो, "माझ्या."

त्यांनी तिथंच मार्क कापले. म्हणाल्या, "तू काय अमर आहेस? ज्यानं बसवला तो हुशार होता, पण हीच चूक करून गेला. त्याच्या नावाचं काढून तुझ्या नावाचं लावलं म्हणजे दुरुस्ती नाही झाली. माणसाच्या नावावर सर्व्हर ठेवायचाच नसतो."

मग कुणाच्याच नावाचं नसलेलं एक अकाउंट बनवलं. त्याला सगळे अधिकार दिले, एकेक सर्व्हिस त्याच्यावर घेतली, मशीन बंद करून चालू केलं. सगळं उठलं. कोल्हापूरहून टेस्टची मेल आली. मग मॅडम म्हणाल्या, आता त्याचं काढ. मशीननं विचारलं, नक्की का? मी येस दाबलं.

वहिनी, दादाचं नाव तिथून मी काढलं. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. त्याच्या मेलची कॉपी साहेबांकडं जपून दिली. आत काय होतं ते मी वाचलं नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तीन पानं झाली तरी टाळतोच आहे.

संध्याकाळी पेढे घेऊन घरी आलो. हिंदुराव मामा आले होते. आईनं पेढा दादाच्या फोटोपुढं ठेवला. आबा मामांना म्हणाले, "नोकरी घरात राहिली. आता पोरगी पण घरात राहिली की मी सुटलो."

मला कळलंच नाही. मामा हसले. "आरं, येड्यावाणी काय बघतोस? ती किती दिस म्हायेरी बसंल? वरीस झालं की तुमचं दोघांचं उरकून टाकू. थोरल्याची खुर्ची घेतलीस, मग थोरल्याचा संसार काय शेजाऱ्यानं सांभाळायचा?"

मी म्हणालो, "वहिनींना विचारलं का कुणी?"

"विचारायचं काय त्यात? नोकरीसाठी तिनं ना-हरकत लिहून दिली न्हाय व्हय? पयला हक्क तिचा व्हता. तिच्या मनात नसतं तर सही कशाला केली असती?"

"मामा, ती सही नोकरीची आहे."

"बाईमाणूस आणि कसं सांगणार? तू इंग्रजी शिकलास, तुला मान्सं वाचता येत न्हाईत. आन ती काय परकी हाय? चार वर्सं तिच्या हातची भाकर खाल्लीस."

"म्हणूनच नाही म्हणतोय," मी म्हणालो.

आबा ताटावरून उठले. परवापासून माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, आबांचं ऐक, त्यांचं एक पोरगं गेलंय. माझाही भाऊ गेलाय.

येत्या रविवारी, अकरा तारखेला, आबा आणि मामा नरसिंहपूरला येणार आहेत. तुमच्या वडलांना हेच विचारायला. पोरगा तयार आहे असं सांगतील. मी तयार नाही. हे तुम्हाला ते यायच्या आधी कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र, आणि घरात दुसऱ्या कुणी फोडू नये म्हणून कॉलेजवर.

एक कृपा करा, असं समजू नका की ऋषीनं मला नाकारलं. तुमच्यात काही कमी आहे असं मनातसुद्धा आणू नका. मला दहावीच्या मराठीत पास करायला गावात कुणी नव्हतं, बारामतीत क्लास परवडत नव्हता, आणि तेव्हा तुम्ही नवी नवरी होतात, हातावरची मेंदी उतरली नव्हती, तरी रोज निबंध घोटून घ्यायच्या. त्या माणसाला मी दुसऱ्या नजरेनं कसं बघू? आणि दादाच्या जागी बसून रोज तुमच्यासमोर तो नसल्याची आठवण करून देत राहू का?

रविवारी तुम्हाला चहा घेऊन बाहेर पाठवतील आणि कुणी काही विचारणार नाही. तरी बोला. तुमच्या मनात जे असेल ते. मास्तरीण व्हायचं असेल, दुसरीकडं लग्न करायचं असेल, काहीच करायचं नसेल, काहीही. नाही म्हणायची भीती वाटली तर सरळ सांगा, ऋषीनंच आधी नाही म्हटलंय. शिव्या मला बसू देत, मी इथंच आहे. आणि त्या सहीचा विषय कुणी काढला तर सांगा, ती खुर्चीसाठी होती. नोकरीबद्दल तुमच्या मनात काही राहिलं असेल तर तेही लिहा, मी साहेबांशी बोलेन.

तुम्ही सही केली तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं, हे मला कुणी सांगत नाही. मी तेव्हाच तुम्हाला विचारायला यायला हवं होतं.

यंदा आपल्या घरात दिवाळी नाही. तरी भाऊबीजेला मी नरसिंहपूरला येणार आहे. मला सख्खी बहीण नाही, आजवर कुणी ओवाळलं नाही. गावात म्हणतील, तिनं आता निरांजन धरायचं नसतं. म्हणू देत. तुम्हाला नको वाटलं तर नुसता चहा द्या, पिऊन परत जाईन. पण मला तुमच्या हातानं ओवाळलंत, तर रविवारी जे कोण काय बोलून गेले असतील ते सगळं तिथंच संपेल.

येतो.

तुमचा,
ऋषिराज