मायच्या डोळ्यातला पिवळा

२० नोव्हेंबर
माह्या लेकीले, परीले, परत ताप. हाताचे बोटं सुजले. आशाताई म्हने, कवा येते, किती येते, वहीत लिवत जाय. म्हनून लिवून राह्यली. शाळा सुटल्यावर पेन आताच हाती धरला.
तिनं परीची पापनी वढून पायली. "पिवळं दिसते वो. सिकलसेलची तपासनी करू, रक्ताचा आजार हाय, मायबापाकडून येते. तुह्या माहेरी कोनाले होतं काय?"
नाई म्हनलं. खोटं नाई, मालूमच नाई. माय कायनं गेली कोनी सांगतलं नाई. सांधे धरून बसे, येवढं याद हाय.

२१ नोव्हें.
गडचिरोलीले परीचं रक्त काढलं. रिपोर्ट सोमवारी.
हे म्हनते, "थंडीचा ताप असन, काऊन रडून राह्यली?" बोलले अन् सोता जेवले नाई.

२२ नोव्हें.
बाबाच्या घरून मायचं चित्र आनलं. तिचा फोटो एकबी नाई, हेच हाय.
मी आठ वर्साची असन. मार्कंड्याची जत्रा. माय नदीकाठी झाडाखाली मुरमुरे घेऊन बसली होती. एक चित्रवाला आला, "बाई, जराशा अशाच बसा." पुठ्ठ्यावर काढलं. जवळून नुसते रंगाचे ठिपके. चार पावलं मागं सरकलं का माय.
गाल हिरवे, गळा निळा. बाबा म्हने, "काय भाऊ, माही बायको का पोपट हाय?"
माय केवढी हासली! "झाडाखाली बसली मी, झाडाचाच उतरला असन. बराबर काढलं भाऊ." अन् त्याले वंजळभर मुरमुरे देल्ले.
तशी हासताना मंग पायलीच नाई.

२३ नोव्हें.
चित्रात मायच्या डोळ्यात पिवळा हाय.
चुलीपाशी टांगलं होतं, धूर बसला असन. ओल्या फडक्यानं पुसलं. गालावरचा पिवळा फडक्याले लागला. डोळ्यातला नाई निंगाला.
मंग चित्रवाल्यानंच लावला. ऊन पडलं होतं का... आमी घरचे रोज पाहू, आमाले दिसलं नाई, अन् त्या परक्या मानसाले एका दुपारी...

सायंकाळी
आशाताईले सांगतलं, मायले होतं असन. ती रागावली नाई. म्हने, "तुमी दोघंबी रक्त द्या."

२४ नोव्हें., रविवार
ताप उतरला. परीले आंगनात चिंचीखाली घेऊन बसली. गाल हिरवे झाले तिचे, हुबेहूब मायवानी. मुरमुऱ्याले हात मारून हासून राह्यली.
सासूबाई म्हने, "उन्हात ने ना वो तिले, थंडी हाय."
हो म्हनलं.
उन्हात तिचे डोळे पाहा लागले असते. सावलीतच बसली.