दोन वर्षं इथे, चार वर्षं तिथे

बाबा, तुमची नात सप्टेंबरमध्ये ग्लासगोला चालली आहे. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती भिंत धरून उभी राहायला शिकत होती. आता तीच माझा हात धरून मला रस्ता ओलांडून देते. माझी नजर कडांकडून कमी होत चालली आहे. समोरचं नीट दिसतं, बाजूनं येणारं दिसत नाही. गाडीचं लायसन्स मी गेल्या वर्षी परत केलं. तिचे वडील वेगळे राहतात, त्यामुळे लंडनच्या कडेला, पिनरच्या या घरात आम्ही दोघीच. मला नोकरीवर शाळेत सोडणं, डोळ्यांच्या क्लिनिकला नेणं, आठवड्याचं सामान आणणं, सगळं तिच्याकडे आहे. ती कधी कुरकुरत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तिला कृत्रिम पाय बनवायचे आहेत. हे कुठून डोक्यात आलं ठाऊक नाही, पण लहानपणापासून ती हातानं काहीतरी घडवतच असते. तिला दोन ठिकाणी जागा मिळाली. एक इथे लंडनमध्ये, दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री. घरून जाऊन-येऊन करायची, वर्कशॉपमध्ये साचे घ्यायचे, पाय घडवायचे. दुसरी ग्लासगोची, चार वर्षांची पूर्ण डिग्री. तिथे माणसाला तपासायचं, त्याच्यासाठी काय योग्य ते ठरवायचं, त्याला पुन्हा चालतं करायचं. दोन्हींतलं एक पक्कं कळवायचं होतं. मी चहा गाळत असताना ती म्हणाली, "टू इयर्स चालेल, आई. घरून होईल. तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तू ठरव." आणि गाळणी हातात तशीच राहिली. आवाज माझा होता, बाबा, पण शब्द तुमचे होते.

स्लाऊचं आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर. तुम्ही वेअरहाउसची सकाळची शिफ्ट संपवून आला आहात, अंगात अजून ते चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आहे, आणि परातीत कणीक मळताय. आई आत झोपली आहे. डायलिसिसच्या दिवशी तिच्यानं उठवत नसे. मी तुमच्यासमोर उभी आहे. मलाही दोन जागा मिळाल्या आहेत: स्कॉटलंडला चार वर्षं केमिस्ट्री, नाहीतर इथल्या कॉलेजात दोन वर्षांचा डिप्लोमा. मी विचारते, "काय करू?" तुम्ही कणकेचा गोळा उलटा करता, त्यावर तेलाचा हात फिरवता आणि म्हणता, "तू ठरव." माझ्या डोळ्यांत पाणी येतं, तर तुम्ही दाराकडे बघून हळूच म्हणता, "आईसमोर नको." एवढंच. मी दोन वर्षांचा घेतला. पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्यासाठी पांढरा लॅब कोट आणलात, खांद्यांत भलताच मोठा. "होईल अंगाबरोबर," म्हणालात. मी तो पूर्ण दोन वर्षं बाह्या दुमडून वापरला.

आई माझ्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षीच गेली. त्यानंतर मी पुढे शिकू शकले असते. तुम्ही विचारलं नाहीत, मीही बोलले नाही. शाळेत लॅब टेक्निशियनची नोकरी मिळाली, ती अजून करते आहे. काम मला आवडतं. मुलांच्या टेबलांवर सगळं नीट मांडलेलं असलं की बरं वाटतं. आयुष्य वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यावर एक राग मनात राहिला. तुम्ही "राहा" म्हणाला असतात तर मी राहिले असते आणि भांडले असते. "जा" म्हणाला असतात तर गेले असते. तुम्ही ते माझ्यावर सोपवलंत, म्हणून भांडायला कुणी उरलंच नाही.

त्या चहानंतर काही दिवसांनी ग्लासगोच्या ओपन डेला, कॉलेज बघायला, आम्ही दोघी गेलो. एका खोलीत दोन दांड्यांच्या मध्ये एक वयस्कर गृहस्थ नव्या पायावर चालून दाखवत होते. शेवटाला पोचल्यावर त्यांनी दांड्या सोडल्या, आणि त्यांना एकदम रडू आलं. परतीच्या ट्रेनमध्ये पोरगी ग्लासगोचं माहितीपत्रक पुन्हा पुन्हा चाळत होती. म्हणून पुढच्या आठवड्यात, क्लिनिकला जाताना, मी गाडीत विषय काढला.

"तू माझ्यासाठी राहतेयस का?"

"नो." मग सिग्नलला गाडी थांबवत, "थोडंसं. आय डोन्ट नो, आई. असं विचारू नको ना."

मी ठरवून गेले होते की मी तुमच्यासारखं करणार नाही. म्हटलं, "मला तू इथे हवी आहेस. आणि तू जावंस असंही वाटतं. दोन्ही खरं आहे."

सिग्नल हिरवा झाला तरी ती थांबूनच होती. मागच्यानं हॉर्न दिला. "दॅट्स नॉट फेअर," ती म्हणाली. "आता राहिले तर तुझ्यासाठी, गेले तर तुला सोडून. मी ठरवायच्या आधी तू सांगायला नको होतंस."

तिचे स्टिअरिंगवरचे हात मला दिसत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही मन मोकळं केलं असतंत तर मी सुटले असते. मी मन मोकळं केलं, आणि ते ओझं तिच्या मांडीवर ठेवलं. तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं का? की तुम्ही नुसते थकलेले होतात? मला खरंच माहीत नाही. विचारायला आता कुणी नाही.

तीन-चार दिवसांनी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "मी ग्लासगो फर्म केली. पक्कं कळवलं." मी उठून तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावरच बोलली, "ते अंकल रडले ना, मला त्या रूममध्ये असायचंय. तू मॅनेज करशील?" मी म्हटलं, "करीन." नीट म्हणाले मी, आवाज हलला नाही.

तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून हे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी चालेल. ते कुठे जायचं नाहीच. फक्त तुम्हाला सांगते. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मधल्या सुट्टीत मी लंडनच्या त्या कॉलेजला फोन केला, आणि विचारलं की मुलीचा विचार बदलला तर जागा मिळेल का. तिथल्या बाई म्हणाल्या, बहुतेक मिळेल. मी त्यांचे दोनदा आभार मानले.