रुळाच्या टोकासाठी आठ दिवस

आबा, तुमच्यात आणि मायमध्ये चुलीपुढं जो वाद झाला होता तोच काल दुपारी जेवताना आमच्या घरात पुन्हा झाला. तुमच्या नातवाला, माझ्या मुलाला, आठ दिवसांची सुटी मिळाली आहे, आणि आम्हा सगळ्यांना, म्हणजे बायकोला, दोन्ही पोरांना आणि मला, विमानानं कुठंतरी पार लांब न्यायचं त्याच्या मनात आहे. सून म्हणते, जाण्यायेण्यातच अर्धी सुटी मोडेल, झोपेचं खोबरं होईल, मग तिथं बघायला उरलं काय? त्यापेक्षा इथं जवळ कुठंतरी जाऊ, निवांत राहू. तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पोरं घटकेत बापाच्या बाजूनं, घटकेत आईच्या. शेवटी तुमचा नातू म्हणाला, आई, तूच ठरव, तू म्हणशील ते. मी भाताचा घास कालवत बसले आणि म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या आज उजाडला आहे. सगळे आपापल्या कामाला गेलेत, आणि मी सांगायचं सोडून तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्ही परभणी आणि सेलूच्या मधल्या एका लहानशा ठेसनावर चावीवाले होता. रुळाला जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं ढिल्या होतात, त्या हातोडीनं ठोकत जायचं, हे तुमचं काम. रोज दिवस उजाडायच्या आत निघायचं, आपल्या हद्दीच्या खांबापर्यंत चालत जायचं आणि तिथून माघारी फिरायचं. पुढं दुसऱ्याची हद्द. तुमचे वडील मेंढरांमागं रानोमाळ फिरले, त्यांना कुठली हद्द नव्हती. तुम्हाला मात्र सरकारनं दोन खांबांच्या मध्ये बांधून घातलं, असं तुम्हीच हसत म्हणायचात. मला तुम्ही आठवता ते पाठमोरे. खांद्यावर हातोडी, डोक्याला मुंडासं, आणि पाय एकसारखे रुळाखालच्या लाकडी स्लीपरांवर पडत चाललेले. संध्याकाळी परत आलात की पाय धुऊन भाकरी खाऊन आडवे. तुमच्याशी बोलायचं म्हणजे तुमच्या घोरण्याशी बोलायचं, असं माय म्हणायची.

निजामाची गाडी होती तोवर तुमचा फुकट पास निजामाच्या हद्दीपुरताच होता. संस्थान गेलं, मग रेल्वेही मोठ्या सरकारकडं गेली, आणि कधीतरी ठेसनमास्तरांनी तुम्हाला सांगितलं की आता तुमचा पास साऱ्या हिंदुस्थानात चालतो. तेव्हापासून तुमच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. इतर लोक पास मिळाला की काशीला जायचे, नाहीतर मुंबईच्या नातेवाइकांकडं. तुम्ही मास्तरांना विचारलंत, साहेब, आपला हा रूळ जातो कुठवर? मास्तर हैदराबादकडचे, थट्टेखोर. ते म्हणाले, "समुंदर तक जाता मियाँ, रामेश्वर के आगे, धनुष्कोडी. उसके आगे रूळ नहीं." झालं. तुम्हाला काशी नको, मुंबई नको. तुम्हाला रुळाचं टोक बघायचं होतं.

अडचण एवढीच होती की तुमच्या जागी येणारा बदली माणूस मिळाला तो नेमका दिवाळीच्या आठवड्यात, आणि तोही आठच दिवस. दिवाळीचे आठ दिवस मायचे असायचे. वर्षभरात तेवढेच. जिंतूरकडून मामा बैलगाडी घेऊन यायचा आणि आम्हाला आजीकडं न्यायचा. माय श्रावणापासून त्या आठ दिवसांवर डोळा ठेवून असायची. आजी थकलेली होती, दिसायचंही कमी झालं होतं तिला. त्यामुळं तुम्ही चुलीपुढं बसून सगळ्यांनी धनुष्कोडीला जायची गोष्ट काढलीत तेव्हा मायच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची थांबली. मला ती अजून दिसते आहे, दोन्ही तळव्यांवर भाकरी तशीच धरून तुमच्याकडं बघते आहे.

"जायला तीन दिस, यायला तीन दिस," माय म्हणाली. "एक बांधाबांधीत. मदी उरला एक. एका दिसासाठी एवढं कशाला म्हंते मी? आन माझी आई तिकडं डोळं लावून बसलीय."

"मला कळतंय गं."

"कळतंय तर काऊन बोलायलाव?"

तुम्ही बराच वेळ चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिलात. मग म्हणालात, "मी रोज जातो आन रोज वापस येतो. खांबापसून वापस. कवाच पुढं गेलो न्हाई. एकदा वाटतंय, जातच रहावं, रूळ सरंपर्यंत."

मायनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला.  तुम्ही पुढं रेटलं नाही, हे मात्र तुमच्या बाजूनं सांगायला हवं. "तू म्हणशील तसं" एवढं बोलून तुम्ही उठलात. दोन दिवस घरात कुणी त्या विषयाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर माय दशम्यांचं पीठ मळत होती, दूध आणि गूळ घालून, परातभर. माहेरी जाताना कधी एवढ्या दशम्या लागत नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "तुझ्या बापाला इच्यार, कुठवर पुरवायच्यात ते." तिचं हो म्हणणं हे असं होतं.

मामा ठरल्याप्रमाणं गाडी घेऊन आला आणि सगळं ऐकून त्याचा पारा चढला. "आक्का, येडी झालीस का? बसून बसून कंबर मोडंल. आन बघायचं काय, तर लोखंड सरतंय कुठं!" मायनं त्याच्या हातात फराळाचा डबा दिला, आजीसाठी घेतलेलं लुगडं दिलं आणि म्हणाली, "आईला सांग, औंदा न्हाई जमत." गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती. मग आत येऊन पदरानं तोंड पुसलं आणि मला उगीचच ओरडली. तिला तेव्हा किती लागलं असेल हे मला स्वतःचं लग्न झाल्यावर कळलं.

आणि एवढं करून तुम्ही काय केलंत? ठेसनमास्तर म्हणाले, मद्रासवरून रुंद रुळाच्या मोठ्या लाइननं जा, गाडी जोरात पळते, अर्धा दिवस वाचेल. तुम्ही मान हलवलीत. "न्हाई साहेब, आपला रूळ सोडायचा न्हाई." आपली छोटी लाइन वाकडीतिकडी का होईना थेट समुद्रापर्यंत तुटत नाही, गाडी बदलली तरी रूळ तोच, हे कुण्या गार्डानं तुमच्या कानात भरवलं होतं. टोक बघायचं ते आपल्या रुळाचं, दुसऱ्याच्या रुळावरून जाऊन ते कसं बघणार? मास्तरांनी कपाळावर हात मारला. असा हिशेब चावीवाल्याशिवाय दुसरा कुणी करणार नाही. आधीच एकच दिवस, त्यातला अर्धा तुम्ही या हट्टापायी घालवलात. माय हे पुढं जन्मभर तुम्हाला ऐकवत राहिली, आणि बरं केलं.

पहिल्या दिवशी तुम्ही गाडीत नव्हताच मुळी, तुम्ही खाली रुळावर होता. कान लावून बसायचात आणि मध्येच म्हणायचात, "हितली चावी ढिली हाय." माय म्हणायची, "रजेवर हाव न्हवं? मग गप बसा की." सिकंदराबादला गाडी बदलली, पुढं आणखी कुठं कुठं बदलली, वळकट्या डोक्यावर घेऊन धावाधाव झाली, माझा धाकटा भाऊ रडून रडून झोपला. पण दुसऱ्या दिवशी कधीतरी तुमचे कान गप्प झाले. जायला जागा नाही, करायला काम नाही. समोर आम्ही. बाहेर नुसती लाल माती आणि ताडाची झाडं. तुम्ही आमच्याकडं असं बघायला लागलात, जणू आम्ही कोण ते कुणी तुम्हाला नुकतंच सांगितलं होतं.

तुम्ही मला लहानपणीची मेंढरं सांगितलीत, एकेकीची खोड सांगितलीत. आजोबा कुठल्या माळावर कुणाच्या शेतात मेंढरं बसवायचे ते सांगितलंत. माय आधी खिडकीबाहेर बघत होती, मग ऐकायला लागली आणि मग म्हणाली, "हे मला कवा सांगितलं न्हाई." तुम्ही म्हणालात, "तू इच्यारलंच कवा?" ती म्हणाली, "तुमी घरी असता तवा तर इच्यारणार." आणि दोघंही हसलात. तुम्हा दोघांना एकाच वेळी हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं असावं. दुपारी माय आडवी झाली आणि माझ्या केसांचा गुंता बघून तुम्ही मला पुढ्यात बसवलंत. लोकर पिळायची सवय तुमच्या हाताला, तशीच माझी वेणी घातलीत, पीळ देऊन देऊन, डोळे ताणले जाईपर्यंत. माय उठली आणि बघतच राहिली. "ही पोरगी हाय का दावं?" सगळा डबा आमच्याकडं बघून हसला, भाषा कुणाला कळत नव्हती तरी. ती वेणी मी परत येईपर्यंत सोडू दिली नाही.

चौथ्या दिवशी पुलावरून गाडी समुद्रात शिरली, गोगलगाईसारखी. तुम्ही दारात हात जोडून उभे. पुढं नुसती वाळू, दोन्हीकडं पाणी, आणि मग खरंच रूळ संपला. माय आम्हाला घेऊन पाण्याकडं गेली. तुम्ही उलट दिशेला, टोकाकडं. तुम्ही तिथं उकिडवे बसून रुळावर तळवा ठेवलात. लांबून एक काळासावळा माणूस ओरडत आला, त्याच्याही खांद्यावर हातोडी. तुम्ही उठलात आणि बोलायला शब्द नाहीत म्हणून उजव्या हाताचा घट्टा त्याच्यापुढं धरलात. त्यानं तो बघितला, आपला हात उघडून तुमच्या हाताशेजारी धरला, आणि हातोडी तुमच्या हातात दिली. तुम्ही एक चावी ठोकलीत. तो ठणठण आवाज पाण्यापर्यंत ऐकू आला. मग तुम्ही दोघं वाळूत बसून आमच्या दशम्या खात राहिलात. रामेश्वराचं दर्शन परतीच्या वाटेवर धावतपळत झालं, समुद्रात तर तुम्ही पाऊलही टाकलं नाहीत. निघायची वेळ झाली तेव्हा माय तांब्याभर पाणी घेऊन तरातरा आली आणि तुमच्या पायांवर ओतून म्हणाली, "घ्या, झाला तुमचा समुद्र!"

गाडीत तिनं विचारलं, काय बोललाव एवढं त्याच्याशी? तुम्ही म्हणालात, "मी हातानं इच्यारलं, ह्याच्या म्होरं काय? त्यानं पाणी दावलं. मग माघारी दावलं. टोकावरचा माणूस बी रोज वापसच जातोय गं." तुम्हाला याचं एवढं समाधान वाटलं होतं की परतीचे तीनही दिवस तुम्ही गाणी म्हणत आलात, तीही बेसूर.

मायला तुम्ही उन्हाळ्यात जिंतूरकडं पाठवलंत, चांगलं महिनाभर. आजी अजून होती. माय रोज अंगणात बसून तिला गाडीतलं सांगायची, तुमची मेंढरं, माझी वेणी, डब्यातल्या बाया. आजी म्हणायची, "मंग म्होरं?" मामासुद्धा हळूच येऊन टेकायचा. समुद्राचं माय एका वाक्यात सांगून टाकायची, की खारट आहे. पुढं कैक वर्षांनी वादळात तो रूळ समुद्रानं नेला. ठेसनावरून ती बातमी घेऊन तुम्ही घरी आलात तेव्हा रुळाबद्दल एक शब्द काढला नाहीत. "त्यो माणूस कसा असंल," एवढंच म्हणालात, आणि माय तुमच्याजवळ येऊन बसली.

आता तुमचा नातू येईल आणि विचारेल, काय ठरवलंस? तोही सकाळी पाठमोराच दिसतो आबा, खांद्याला पिशवी, कानाला फोन. मी हो म्हणणार आहे. सुनेची समजूत काढीन, बिचारी चुकीचं काही बोलत नाही. पण कारण विचारलं तर काय सांगू? जाताना इतके तास आणि येताना इतके तास तो माझ्या शेजारी पट्ट्यानं बांधलेला असेल, त्याला उठून कुठं जाता येणार नाही, हे काही सांगण्यासारखं कारण नव्हे. तुम्हाला सांगून टाकते: जायचं कुठल्या देशात, हे त्यानं काल दोनदा सांगितलं, आणि माझ्या ते ध्यानातसुद्धा राहिलं नाही.